साफ किनाऱ्याचं शेवाळ

मरायचं नाव घेईल तर शपथ. काचेच्या चंबूत ते तपकिरी शेवाळ मजेत हलत होतं आणि समोर शेवाळबाई कपाळाला हात लावून बसली होती. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत तिला सगळे याच नावाने ओळखत. चाळिशीला टेकलेलं वय, हंगामी नोकरी, आणि कामच असं तऱ्हेवाईक, की एक शेवाळ जगलं पाहिजे आणि दुसरं मेलं पाहिजे.

जगायचं ते गोदीतलं. जहाजांच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून तांबं घातलेला रंग फासतात. तो पाण्यात उतरत राहतो, तरी गोदीतलं शेवाळ टिकतं. तांबं आत शिरलं की त्याची काही जनुकं झटकन कामाला लागतात, पेशी एक प्रथिन बनवते, आणि भांडखोर पाहुण्याला गोड बोलून मागच्या खोलीत बसवावं तसं ते प्रथिन तांब्याला धरून बाजूला नेऊन ठेवतं. स्वच्छ किनाऱ्यावरच्या शेवाळाला हे जमायला नको. त्याने तांब्याच्या पाण्यात मुकाट मान टाकायची, मग दोघांची जनुकं शेजारी ठेवून फरक दाखवायचा.

पण हे पठ्ठं मान टाकेल तर ना. तिने तांबं वाढवलं, चंबू बदलले, पाणी बदललं. पुन्हा तेच. जनुकं तपासली तर गोदीतल्याइतकीच जोरात जागी. तिने त्याला मेल्या, मेल्या म्हणून शिव्या घातल्या, पण तेवढ्याने कोण मरतं?

प्रमुख मॅडमनी तिला खोलीत बोलावून घेतलं.

"फरकच नाही, तर आपण दाखवायचं काय? महिनाअखेरीला मुदतवाढीची बैठक आहे. मी तरी किती वेळा तुझी बाजू घेऊ?"

शेवाळबाई चंबूंकडे परतली. या कामाखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि करायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी ती जेवायला बसली ती धुमसतच. समोर तिचे वडील होते. जन्मभर होड्यांची बुडं खरवडून रंगवलेला माणूस, आता दोन घास खाल्ले की खोकायचे, थांबायचे, पुन्हा खायचे. लेकीच्या कामाची त्यांना मोठी गंमत वाटे.

"मी पगार घ्यायचो शेवाळ मारायचा," ते म्हणाले, "आणि तू घेतेस ते पोसायचा."

"ते मरत नाही म्हणूनच नोकरी जायची वेळ आलीय, बाबा. तुम्ही दाखवलेल्या साफ किनाऱ्यावरून आणलेलं, आणि तांबं पचवून बसलंय."

"मग, पचवणारच की. तिथंच तर आम्ही होड्या साफ करायचो. ओहोटीला होडी वर ओढायची, जुना रंग खरवडायचा, नवा फासायचा. सगळा चुरा वाळूत. म्हणून तर साफ किनारा म्हणायचे त्याला."

तिचा घास हातातच राहिला. हे शेवाळ आणायच्या आधी तिनेच विचारलं होतं, बाबा, इथं साफ किनारा कुठाय? त्यांनी लगेच वाट सांगितली होती. तिथलं पाणी तिने तपासलंही होतं, ते स्वच्छच निघालं. पाणी कधीच निवळलं होतं. शेवाळ मात्र जुन्याच वंशाचं होतं.

"मला स्वच्छ म्हणायचं होतं, बाबा."

"तू साफ म्हणालीस."

तिचं डोकंच फिरलं. "एवढं सांगता आलं नाही तुम्हाला? आता नवा किनारा शोधू कधी, नवं शेवाळ वाढवू कधी? गेली नोकरी म्हणून समजा. तुमच्यापायी." बोलता बोलताच तिला कळत होतं की हे अन्यायाचं आहे, पण जीभ आवरेना.

वडिलांनी ताट जरा बाजूला सारलं. मग म्हणाले, "पण आता तिथं कुणी होडी नेत नाही. तरी याला कसं जमतं?"

"ते शिकलेलं नाही, बाबा," ती वैतागून म्हणाली. "ज्यांच्या जनुकांत ती ताकद नव्हती ती तेव्हाच मेली. ज्यांच्यात होती ती उरली. हे त्या उरलेल्यांचं पिल्लू. झालं समाधान?"

"असं होय," वडील म्हणाले. "म्हणजे आमच्यासारखंच. केवढी टोळी होती आमची. मुकादम गेला, तुझा काका गेला, तो शिट्टी वाजवणारा गेला. सगळे त्या रंगाच्या भुकटीने असेच खोकत खोकत. आता मीच तेवढा." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

तिने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. कामावर गेल्या गेल्या मॅडमना खरं सांगायचं होतं, नोकरी जायची ती जाणारच होती. राग जराही उतरला नव्हता. पण तो आता बाबांवर काढवेना, शेवाळावर काढून उपयोग नव्हता, आणि ज्याच्यावर काढायचा, तो रंग तर होड्यांना फासूनच बाबांनी तिला शिकवलं होतं.