जीन्स चालणार नाही

माझे पप्पा जीन्स घालतात हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. हसू नका. पप्पांनी उभा जन्म उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारण्यात घालवला. पण कारखान्यात त्या कपड्याला कुणी जीन्स म्हणत नाही, माल म्हणतात. माल निघाला का, किती पीस झाले, एवढंच. उरलेल्या कापडातून पप्पा स्वतःसाठी जी शिवायचे ती आमच्या घरात 'पप्पांची पँट'. त्यातली एक रविवारसाठी वेगळी असे, गडद निळी, कडक इस्त्रीची, वर पांढरा शर्ट. जीन्स म्हणजे दुकानातल्या पुतळ्यांना घालतात ती, कॉलेजची पोरं घालतात ती.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला माझ्याकडे दुसरी सबब नाही.

आमचं चर्च अंबरनाथला. मराठी मंडळी, बहुतेक घरं नगरकडून आलेली, निम्मी एमआयडीसीत कामाला. गेल्या वर्षी गाण्याच्या ग्रुपमधली एक मुलगी गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून उपासनेला आली. फाटलेली म्हणजे मुद्दाम फाडलेली. उल्हासनगरला त्याचेही कारागीर असतात. आमच्या सेक्रेटरींचं डोकं फिरलं. सेक्रेटरी म्हणजे रिटायर्ड गृहस्थ, बारा महिने सफारी, खिशाला दोन पेनं. कमिटीच्या मीटिंगमध्ये देवाच्या घराचं पावित्र्य, हल्लीची पिढी, सगळं यथासांग झालं. मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मलाही त्या पोरीचे गुडघे खटकले होते. मी शाळेत मराठी शिकवते, अक्षर बरं आहे, म्हणून बोर्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं. बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर पट्टीने रेघा आखून मी ऑइलपेंटने लिहिलं : 'उपासनेस येताना सभ्य पोशाख करावा. जीन्स, टी-शर्ट व बिनबाह्यांचे कपडे चालणार नाहीत.' खाली छोटी नक्षीसुद्धा काढली. अख्खी दुपार गेली त्यात, आणि त्या दुपारी पप्पा एकदाही माझ्या मनात आले नाहीत.

मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ पप्पांचा असे. सातवी शिकलेला माणूस, पण वाचायला उभा राहिला की लहान पोरंही चुळबुळ थांबवत. आठवडाभर ते मशीनवर बसून तो उतारा पुटपुटत. जन्मभर शेठचं "जल्दी करो, मास्टर" ऐकलेल्या माणसाचं ऐकायला शे-दीडशे माणसं गप्प बसत, ती महिन्यातली एवढीच पाच मिनिटं. तेवढं एक त्यांचं स्वतःचं होतं.

बोर्ड लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मला बदलापूरहून पोचायला उशीर झाला. आत शिरले तर शास्त्रपाठ सेक्रेटरी वाचत होते. पप्पा कुठेच दिसेनात. मग खिडकीतून दिसले. अंगणात, नळाजवळ, प्लास्टिकच्या खुर्चीवर. पांढरा शर्ट, ती पँट, मांडीवर पवित्र शास्त्र उघडं आणि ओठ हलत होते. आत सेक्रेटरी दर ओळीला अडखळत होते आणि बाहेर पप्पा तोच उतारा वाचत होते.

शेजारच्या बाई कुजबुजल्या, "दारातनंच मागे पाठवलं गं त्यांना. बोर्ड वाचला नाही का काका, म्हणाले सेक्रेटरी."

तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या गुडघ्यांचा राग माझ्या पप्पांवर. वड्याचं तेल वांग्यावर! पण मी उठले नाही. हे लिहायलाच हवं. प्रभुभोजन झालं, आशीर्वाद झाला, तोवर मी बाकावर बसून राहिले. प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस त्या खुर्चीपर्यंत कुणी नेला नाही, आणि न्या असं मीही म्हणाले नाही.

उपासना सुटल्यावर मात्र सेक्रेटरींना पायऱ्यांवर गाठलं. "सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नळापाशी बसवलंत तुम्ही?"

"आवाज खाली, ताई. नियम सगळ्यांना सारखा."

"त्यांची पँट फाटलेली होती? मळलेली होती?"

"जीन्स ती जीन्स. आज काकांना सोडलं तर उद्या पोरं मला विचारतील. आणि ताई, बोर्ड तर तुम्हीच लिहिलाय ना?"

माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर हे पप्पांनी ऐकलं तर नाही ना? ते फाटकाशी उभे होते, आणि मशीनच्या आवाजाने त्यांचे कान कधीच अधू झालेत. मला बघून एवढंच म्हणाले, "चल, मटण घ्यायचंय. गर्दी होईल मग."

रिक्षात मी आतल्या आत जळत होते. माझ्या पणजोबांना गावच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते. चर्चमध्ये बाकावर बसायला मिळालं म्हणून ते ख्रिस्ती झाले, असं आमच्या घरात सरळ सांगतात, कुणी आडपडदा ठेवत नाही. त्या बाकावर ते काय नेसून बसले असतील? असेल नसेल ते. कुणी विचारलं नाही. आणि आता त्यांच्याच नातवाला आपल्याच माणसांनी दाराबाहेर बसवलं. नाकाने कांदे सोलणाऱ्या या सफारीवाल्यांना कुणीतरी विचारा की क्रुसावर प्रभूच्या अंगावर काय होतं. त्याचे कपडे तर शिपायांनी खालीच वाटून घेतले होते.

त्यानंतर दोन महिने पप्पा चर्चला आले नाहीत. कंबर दुखते, म्हणत. मग एका रविवारी सेक्रेटरींनी माझ्या हातात एक पिशवी दिली. "काकांना द्या. माझीच आहे, टेरिकॉटची. फार वापरलेली नाही."

ज्याने अर्ध्या देशाच्या पँटी शिवल्या त्याला हा माणूस आपली उतरलेली पँट देत होता! पिशवी तिथेच तोंडावर फेकायला हवी होती. नाही फेकली. पप्पांना दाखवायची होती. मला वाटलं, हे बघून तरी ते चिडतील, शिव्या घालतील, मग माझ्याही जिवाला बरं वाटेल.

तशीच उल्हासनगरला गेले. पप्पांनी पँट उलटी केली, शिलाई पाहिली, बटण ओढून पाहिलं. "बटण सैल आहे," म्हणाले आणि सुई ओवायला घेतली.

मग माझा तोल गेला. "पप्पा, तुम्हाला राग कसा येत नाही? भीक घातलीय त्याने! पुढच्या रविवारी तुम्ही तुमच्या पँटीतच या. बघते कोण अडवतं ते. त्या माणसाचं तोंड बघायचं नसेल तर बघू नका, पण वाचायला या."

पप्पांनी बटण पक्कं केलं, दाताने दोरा तोडला, पँटीची घडी घालून पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"त्याला परत दे. त्याचा मला राग नाही आला, पोरी."

"मग येत का नाही?"

ते चष्मा पुसत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

"दारात बोर्ड वाचला," म्हणाले, "तेव्हाच अक्षर ओळखलं होतं मी."