जिभेवरची झिलई

कुंभाराचा भट्टीपेक्षा स्वतःच्या जिभेवर जास्त भरवसा होता. भांड्यावर चढवायची झिलई तो बादलीत कालवायचा. तिच्यात शिशाची पिवळी भुकटी असायची आणि ती पुरेशी पडली की नाही हे बघायला तो करंगळी बुडवून चाटायचा. गोडसर लागली तर जमली, फिकी लागली तर अजून मूठभर. "डोळा फसतो, जीभ फसत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा आणि गिऱ्हाईकं मान डोलवायची, कारण तसली पिवळी चकाकी अख्ख्या बाजारात दुसऱ्या कुणाच्या वाडग्यांना नव्हती. चाळीस वर्षं हे चाललं होतं. मधूनमधून पोटात मुरडा यायचा, मनगटं ढिली पडली होती. वय झालं, म्हणायचा. वयाच्या नावावर काहीही खपतं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जावई ट्रक चालवायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. म्हणजे घरात माणसं तीनच: तो, त्याची लेक आणि अडीच वर्षांची नात, चिमी. या घराची एक रीत होती. मूल बसायला लागलं की आजोबानं बोटभर झिलई त्याच्या जिभेवर ठेवायची. पोर मिटक्या मारायला लागलं की सगळे खूश, मोठेपणी हात याच कामाला लागणार म्हणून! चिमीनं तर बोटच सोडलं नव्हतं. मग आजोबाला काय, आभाळ ठेंगणं. त्यानं तिच्यासाठी खास वाडगा घडवला, त्यावर दुप्पट झिलई चढवली आणि ती ओघळू नये म्हणून भट्टीची आच मुद्दाम कमी ठेवली. चिमीला आंबट आवडायचं. लिंबाचं पाणी ती रोज त्याच वाडग्यातून प्यायची.

दोन वर्षांची होईपर्यंत चिमी पोपटासारखी बोलायची. मग शब्द एकेक करून गळायला लागले. आधी "पाणी" गेलं, मग "दार". पोटावर हात दाबून ती कोपऱ्यात बसून राहायची. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली असेल. कुंभार म्हणाला, दात येत असतील. ज्या सकाळी तिनं आईलाही हाक मारली नाही, त्या सकाळी लेकीनं कुणाचंच न ऐकता तिला उचललं आणि इस्पितळ गाठलं.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. लेक चिमीला घरून आणलेल्या तिच्या वाडग्यातून भात भरवत होती. बाईंची नजर भातावरून वाडग्यावर गेली.

"हा कुठून आणला?"

"मी केलाय," लेकीच्या मागोमाग आलेला कुंभार छाती काढून म्हणाला. "झिलई बघा. आरशासारखी."

बाईंनी वाडगा काढून घेतला आणि शांतपणे सगळं सांगितलं. शिसं हे विष आहे. कमी आचेवर ते भांड्यात पक्कं बसत नाही, आंबटात सुटतं, आणि लहान मुलाच्या मेंदूत जाऊन बसतं.

"अहो बाई, मी चाळीस वर्षं चाटतोय. मला काय धाड भरलीय?"

"आजोबा, हात पुढे करा. आता मनगटातून पंजा वर उचला."

त्यानं जोर लावला. पंजा लुळा लोंबत राहिला. त्यानं दुसरा हात पुढे केला, तोही तसाच. मग तो खाली बसला.

"पोरगी बरी होईल ना?" लेकीनं विचारलं.

"रक्तातलं औषधानं उतरेल. डोक्यात गेलंय त्यातलं किती भरून येईल, हे मला आज सांगता येणार नाही. खोटं सांगणार नाही."

नातीचा घास आपणच आपल्या हातानं कडू केला, हे कुंभाराला तेव्हा कळलं. त्याला वाटलं, याहून वाईट आता काही कानावर पडायचं उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. लेकीच्या रक्तातही शिसं निघालं.

"तुम्ही लहानपणापासून याच घरात?" बाईंनी विचारलं. "शाळेत कशा होता?"

लेक ओशाळून हसली. "काही विचारू नका. पाढे डोक्यात राहायचेच नाहीत. चौथीत दोनदा बसले, मग बाबांनी शाळाच सोडवली. मी पहिल्यापासून ढ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही ढ नव्हता. लहानपणी पोटात शिसं गेलं की मुलांचं असंच होतं. तुमच्याही बाबतीत तेच झालं असणार."

कुंभार भिंतीकडे बघत बसला. सातचा पाढा चुकला म्हणून त्यानं या पोरीला भट्टीच्या लाकडानं मारलं होतं. चार माणसांत तिला दगड म्हटलं होतं. स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, अक्कल बेताची आहे, पण कामाला वाघ आहे. आणि तिनं ते सगळं खाली मान घालून खरं मानलं होतं, एकदाही उलट बोलली नव्हती.

बाहेरच्या बाकावर चिमी आईच्या मांडीवर झोपली होती.

"बाबा, म्हणजे मी ढ नव्हते?"

"नव्हतीस गं बाय. नव्हतीस."

तिनं मान हलवली. डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. परीक्षेचा निकाल लागल्यावर पोरांचा उजळतो तसा, चौतिसाव्या वर्षी. तिनं चार शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी त्यानं सोसलं असतं. पण ती खूश झाली होती, आणि ते काही त्याला बघवेना.