सूर्याचा जोडीदार आणि कांताचा प्रश्न

आमच्या कोपरच्या चाळीतला भगवान म्हणजे पायाला भिंगरी. मानपाड्याच्या कंपनीतून आला, की चहाही उभ्यानेच. पंच्याऐंशी साली त्याने पेपरात वाचलं, की आपल्या सूर्याला एक लपलेला जोडीदार असावा. त्याच्या ओढीने लांबचे धूमकेतू पृथ्वीकडे वळत असावेत. झालं, गड्याची झोप उडाली. "वजन कमी पडलं की तारा पेटतच नाही, नुसता धुमसतो," तो मला सांगायचा. "तसाच असेल तो." तपकिरी खुजा तारा म्हणतात त्याला. पुढे पंच्याण्णवमध्ये असा एक सापडला, पण दुसऱ्याच ताऱ्याजवळ.

त्याची आई मंजुळाबाई कपाळाला हात लावायची. "सूर्याची सोयरीक जमवतोय माझा लेक, नि स्वतः तिशीला टेकला!"

शेवटी तिने त्याला कोलशेतला मुलगी बघायला नेलं. मीही होतो. पोहे खाताना भगवानने सूर्याच्या जोडीदाराचा विषय काढलाच. नंतर कुणीतरी मुलीला म्हणालं, "तुला काही विचारायचंय?" हे रीत म्हणून विचारतात; मुलीने नुसती मान हलवायची असते. पण कांताने विचारलं, "दिसत नाही, तर तो आहे कशावरून?"

भगवान खुळावलाच. परतताना म्हणाला, "मुलगी पसंत आहे. पण पक्कं उत्तर घेऊनच जाणार. तोवर कुणी निरोप धाडायचा नाही."

आता, होकार मुलाकडून जायचा असतो आणि गप्प बसणं म्हणजे नकार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मंजुळाबाई रडली, मी भांडलो. हा आपला सुट्टी मिळाली की मुंबईच्या लायब्रऱ्यांत परदेशी मासिकं चाळतोय! पावसाळा संपला तेव्हा कुठे कोलशेतला निघाला. मलाही ओढलं.

कांताच्या वडिलांनी जय भीम घातला, पण नजर चुकवली. "तुमच्याकडनं काय निरोपच नाय आला. आम्ही समजायचं ते समजलो. रविवारी साखरपुडा झाला हिचा."

कांताने भगवानपुढे पाणी धरलं. "मग? काय कळलं?"

"अजून सापडला नाही. पण नाहीच, असंही कुणी म्हणत नाही."

"एवढंच? अहो, मग लग्न करून दोघांनी शोधलं असतं की!"

ती तांब्या उचलून झटकन आत गेली. मला तिथेच भगवानच्या एक कानफटात द्यावीशी वाटली.