पट्टी बसल्याचे पेढे

कर बसला म्हणून पेढे वाटलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले, आणि वाटणाऱ्यांत माझे वडील सर्वांत पुढे होते. मी जन्मले तेव्हा त्यांनी बत्तासे वाटले होते, असं आई सांगे. घरपट्टीला मात्र पेढे. हे सांगितलं की माझ्या नातसुना एकमेकींकडे बघून हसतात. म्हातारी भरकटली असं त्यांना वाटतं. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आम्ही तेव्हा कल्याणात राहत होतो. वडील मराठी शाळेत मास्तर होते. पगार बेताचा, अक्षर सुरेख, आणि अर्ज लिहिण्याचा भारी नाद. कोणी नुसतं ओटीवर येऊन उसासा टाकला तरी ते दौत पुढे ओढत. आळीतल्या प्रत्येक घराची पट्टी कमी व्हावी म्हणून त्यांनी अर्ज लिहून दिले होते, फुकट. आमच्या घराचा अर्ज तर त्यांनी मला आणि आईला वाचून दाखवला होता. ‘भिंती झुकलेल्या, वासे वाळवीने खाल्लेले, उंदरांनीही अन्यत्र सोय पाहावी अशी स्थिती.’ आई म्हणाली, “अहो, कालच मी भिंती सारवल्यात.” त्यावर वडील म्हणाले, “अगं, सारवलेल्या भिंती झुकत नाहीत असं कुठं आहे?” अर्ज मंजूर झाला. पट्टी उतरली. वडील आठ दिवस छाती काढून हिंडले.

त्याच सुमारास एक नवी टूम निघाली होती. गावाचा कारभार पाहणारे काही मेंबर लोकांनी निवडायचे. लोकांनी म्हणजे सगळ्यांनी नव्हे, ज्याच्या घराला पट्टी आहे त्यानं. वडील पहिल्यांदा मत द्यायला गेले तो दिवस मला लख्ख आठवतो. पगडी, उपरणं आणि एरवी दिवाळीलाच निघणारा अंगरखा. परत आले ते पगडी न उतरवताच झोपाळ्यावर बसून राहिले.

“मला विचारलं, ‘मास्तर, आपलं मत काय?’ खुर्चीवरून उठून विचारलं बरं का! आजवर या मुलखात माझं मत कोणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले.

“मग काय सांगितलंत?” आईनं विचारलं.

“ते बाहेर बोलायचं नसतं.”

वास्तविक त्यांनी ते भर कचेरीत शाळेतल्या आवाजात सांगितलं होतं आणि ते घरी पोचण्याआधी आळीभर झालं होतं.  वडील इतके खूश मी पूर्वी पाहिले नव्हते. पुढे महिनाभर ते कोणत्याही गोष्टीवर ‘माझं मत असं’ म्हणून सुरुवात करत, वांग्याच्या भाजीवरसुद्धा.

आणि मग दवंडी आली. सरकारनं मेहेरबान होऊन लहान घरांच्या गरीब मालकांस घरपट्टी माफ केली आहे होऽ!

दवंडीवाल्याला वाटलं असेल, लोक गूळखोबरं देतील. आमच्या शेजारचे वकील धोतराचा सोगा सावरत ओटीवरून खाली उतरले आणि ओरडले, “गरीब कोणाला म्हणतोस रे?” तो बिचारा म्हणाला, “मी नाय म्हणत साहेब, सरकार म्हणतंय.” पैसे वाचले याचा आनंद आळीला जेमतेम दुपारच्या जेवणापर्यंत पुरला. संध्याकाळी विहिरीवर बायका एकमेकींना विचारू लागल्या, “तुमचं माफीत का हो?” आणि पेठेतली एक, जिचं माफीत नव्हतं, ती मुद्दाम दोनदा पाणी भरायला आली. वकिलांच्या घरी मुलीला बघायला येणार होते, त्यांनी आधी निरोप्याकडून हेच विचारून घेतलं. पट्टीचं उत्पन्न घटलं म्हणून आळीच्या तोंडावरचा कंदील लागेना, आणि लोक एकमेकांना धडकून ‘कोण ते? माफीवाले का?’ असं विचारू लागले.

पण वडिलांच्या जिवाला लागलं ते वेगळंच. ते कचेरीत जाऊन आले आणि चपला न काढताच ओटीवर बसले. “पट्टी नाही, तर मत नाही,” ते म्हणाले. “यादीत आपलं नाव नाही. आळीतलं कोणाचंच नाही. पेठेतली सातआठ मोठी घरं तेवढी राहिली. आता तेच मत देणार आणि तेच निवडून येणार.”   मला त्यांची फार दया आली.

मोहन्याहून एक आगरी बाबा आमच्याकडे लाकडं घेऊन यायचा. मोळी टाकताना त्यानं आईला विचारलं, “मास्तरांना काय झायला? तोंड पारून बसल्यान.” आईनं सांगितलं, सरकारनं पट्टी सोडली म्हणून. तो मोळीवरच बसला. “आमचे गावान कोन सारा घ्याला आला का आमी खाडीकरं पलतंव. नि तुमी ‘पट्टी घ्या, पट्टी घ्या’ करून रडताव?” मग मान हलवत तो हसत सुटला, आणि जाताना वडिलांना म्हणाला, “मास्तर, माजा सारा भरा वो, लई आवड हाय ना तुमाला!” त्या दिवसांत वडिलांना हसू आलेलं मी तेवढंच पाहिलं.

अखेर वडिलांनी दौत ओढली. आळीच्या वतीनं अर्ज: आम्हांस पट्टी बसवावी. सह्या करायला अशी रीघ लागली की आईनं ओटीवर पाण्याची घागर भरून ठेवली. वडील आणि वकील मिळून अर्ज द्यायला गेले. तिथल्या पाहणी कारकुनानं तो वाचला, आत गेला, आणि जुन्या अर्जांचा गठ्ठा घेऊन आला. सगळे एकाच अक्षरातले! त्यानं एकेक वाचायला घेतला. ‘छपराची खात्री नाही.’ ‘पाया आहे की कसे याविषयी संशय.’ ‘उंदरांनीही अन्यत्र सोय पाहावी.’ मग वडिलांकडे बघून म्हणाला, “मास्तर, ही घरं पडली नाहीत अजून?” वकील हे घरी येऊन सांगताना हसून हसून खोकले. वडील म्हणाले, “यात हसण्यासारखं काय आहे? भाषा निर्दोष होती.”

पण एकट्या आमच्या आळीचीच तक्रार नव्हती. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, अजून सासरी जायला अवकाश होता. ठाण्याच्या माझ्या सासऱ्यांचं पत्र आलं, त्यातही हेच रडगाणं. गावोगावचे अर्ज गेले असावेत. काही महिन्यांनी तोच दवंडीवाला आला. या खेपेला तो चार पावलं लांबच उभा राहिला आणि घाबरत घाबरत म्हणाला की माफी रद्द, घरपट्टी पूर्ववत बसली आहे होऽ!

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! वकिलांनी दवंडीवाल्याला उपरणं दिलं. बायकांनी दारांत रांगोळ्या काढल्या. वडिलांनी पेढे आणले, घरोघर स्वतः दिले, आणि ‘अभिनंदन, पट्टी बसली’ असं म्हणत गेले. कारकून रस्त्यानं जाताना दिसला, त्याला ओढून आणून पाटावर बसवलं. तो इतका गांगरला की पेढा हातातच धरून बसला. पट्टी घेणाऱ्याची इतकी सरबराई झालेली मी पुन्हा पाहिली नाही. महिन्याभरानं शिपाई पट्टी मागायला आला तेव्हा यातल्याच निम्म्या लोकांनी ‘मालक गावाला गेलेत’ म्हणून आतून सांगितलं, ते सोडा.

नवी यादी करायची होती. आधीची तोंडी सांगण्यावरून झाली होती, आता कारकून घरोघर फिरून कागद पाहू लागला. आमच्याकडे आला तेव्हा वडिलांनी त्याला घर फिरवून दाखवलं. भिंतींवर हात मारून त्या किती भक्कम आहेत ते ऐकवलं. कारकून हसत म्हणाला, “ते कळलं मास्तर, कागद दाखवा.”

वडिलांनी देव्हाऱ्याखालची पेटी उघडली. कागद त्यांनी इतक्या वर्षांत वाचला नसावा, किंवा वाचून विसरले असावेत. हे घर आईच्या वडिलांनी घेऊन दिलं होतं. आजोबा खडवलीला राहत. आई त्यांची एकुलती एक. आळीला वाटे घर मास्तरांचं, आणि मास्तरांनाही तसंच वाटे. कारकुनानं कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि अवघडून म्हणाला, “हे बक्षीसपत्र आहे. घर बाईंच्या नावावर आहे. मला तेच नाव लिहावं लागेल.”

“लिहा की. पट्टी मीच भरतो.”

“पट्टी कोणीही भरा, मास्तर. पण मत मालकाला. आणि बाईमाणसाला मत नाही.”

वडिलांचा चेहरा पाहवेना. पण कारकून भला होता. दारापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, बाईंनी घर तुमच्या नावावर करून दिलं तर आठ दिवसांत यादी दुरुस्त करता येईल.

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी स्टँपाचा कागद आणून स्वच्छ मजकूर लिहिला. कसं विचारावं हे त्यांना सुचत नव्हतं. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी आईच पदराला हात पुसत बाहेर आली. “कुठं करायची निशाणी? दाखवा. एवढं काय त्यात?” ती म्हणाली. खाली बसली. मग जुन्या कागदाकडे बघून मला म्हणाली, “यात माझं नाव कुठं आहे गं? बोट ठेव बघू.” तिला वाचता येत नव्हतं.

मी शोधू लागले. माझ्या आईचं नाव मला माहीत होतं, सासरी लग्नात ठेवलेलं. ते कागदात नव्हतंच. आजोबांच्या नावापुढं ‘माझी कन्या’ असं लिहून भलतंच एक नाव होतं, मी कधी न ऐकलेलं. मी मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “हे कोण?”

“मीच ती,” आई म्हणाली. “बाबा मला त्याच नावानं हाक मारायचे. लग्न झाल्यावरसुद्धा. ते गेल्यापासून कोणी नाही मारली.” तिनं माझ्या बोटाजवळ आपलं बोट ठेवलं, अक्षर पुसणार नाही अशा बेतानं, हलकेच. “मग आता हे जाणार ना यातून? जाऊ दे. आणा ती शाई.”

ठाण्याच्या लोकांनी मलाही नवीन नाव दिलं होतं. त्या नावानं कोणी बोलावलं की मी मागं वळून बघे, कोणाला हाक मारतात म्हणून. मला एकाएकी रडू आलं, आणि का येतंय ते सांगता येईना. आई म्हणाली, “अगं वेडे, तुला काय झालं?”

वडील दौत हातात धरून उभे होते. त्यांनी ती खाली ठेवली नाही, पुढेही केली नाही. मग झाकण लावलं. “शाई वाळली आहे,” ते म्हणाले. शाई चांगली पातळ होती. मी सकाळीच तिच्यात पाणी घातलं होतं. त्यांनी आपल्या सुंदर मजकुराची चौघडी केली आणि जुना कागद होता तसा पेटीत ठेवला. आठ दिवस गेले. आईनं दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा त्यांना शाळेची घाई होती.

मतांच्या दिवशी सकाळी ते झोपाळ्यावर बसले होते, घरच्या कपड्यांत. आळीतले लोक पगड्या घालून निघाले होते. वकील आमच्या ओटीशी थांबले. “मास्तर, चला! तुमच्यामुळं तर हे सगळं परत मिळालं.”

“आमच्या घराला मत नाही,” वडील म्हणाले.

“नाही कसं? आणि हो, पट्टीच्या यादीत तुमच्या घरापुढं कुठल्या बाईचं नाव लागलंय? सगळे विचारताहेत. चूक झाली असणार.”

“चूक नाही. मालकीण आहे ती घराची. थांबा, आत आहे.”

वडील आत वळले आणि त्यांनी हाक मारली. ‘अगं’ नाही, ‘ऐकलंस का’ नाही, त्या नावानं. बाहेर चारचौघं उभी असताना, शाळेतल्या आवाजात. आत भांड्यांचा आवाज थांबला. कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

“ओऽ!” आतून आवाज आला.

बायका नवऱ्याला अशी ओ देत नाहीत. लहान मुली देतात, बापाला.