शेपूची तारीफ

ऐंशीच्या दशकात मी ताडकळसला मास्तर होतो. तिथल्या आठवडी बाजारात शेपू विकणारी एक मावशी होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. जुड्यांवर पाणी मारत ती शेपूची अशी तारीफ करायची, की घरातल्या पोरीचं लग्न जमवायला बसलीय असं वाटावं. "लय गुणाची भाजी हाय गुरुजी. पोट हलकं ऱ्हातंय, बाळंतिणीला दूध येतंय."

मला शेपूचा वाससुद्धा सोसत नाही. पण शेपू मिटक्या मारत खाणारी माणसं पाहिली की हेवा वाटतो. म्हणून तिचं ऐकून दर बाजारी जुडी घ्यायचो, आणि जेवताना ती भाजी हळूच बायकोच्या ताटात सरकवायचो.

बाजार उठताना माळवं विकणाऱ्या बाया उरलेला माल आपसात बदलून घेत. एका संध्याकाळी पाहिलं, तर मावशीनं उरलेला सगळा शेपू शेजारणीला दिला आणि ओच्यात बटाटे भरून घेतले.

"मावशी, घरी शेपू नाही नेत?"

तिनं तोंडाला पदर लावला. "माझ्या घशाखाली न्हाई उतरत, गुरुजी. लय वाटतंय, उतरावा म्हणून. तुमाला सांगता सांगता एखांद्या दिवशी माझ्या जिभेला बी पटंल."

पुढच्या बाजारी मला पाहताच तिनं आणखी जोरात तारीफ सुरू केली. मी मुकाट्यानं पिशवी पुढं केली. आम्ही दोघंही मोठ्या आशेनं ऐकत होतो.