गुणाजींची समशीतोष्ण फणसपोळी

गुणाजी पालवांना थंडी फार. डोंबिवलीत जेवढी पडते तेवढी सगळी ते एकटेच घेतात. डिसेंबरात शेजाऱ्यांनी पंखा एकवर आणला की यांची कानटोपी बाहेर पडते, ती होळीपर्यंत आत जात नाही. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ‘कृष्णछाया’ सोसायटीचे चेअरमन तेच, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही. घर तळमजल्यावर, खिडकीसमोर फणसाचं झाड, त्याची दाट सावली. त्यामुळे वरच्या मजल्यांवर उकडतं ही त्यांना विरोधकांनी उठवलेली अफवा वाटते.

जीव मात्र सगळा गच्चीत. मे महिना आला की झाडाचे बरके फणस उतरवायचे, रस काढायचा, ताटांना तूप लावायचं आणि गच्चीवर फणसपोळी वाळत घालायची, एक बाजू सुकली की उलटून घालायची. कावळे हाकलायला छत्री घेऊन स्वतः बसतात. शीलाकाकू म्हणतात, “लग्नाच्या वेळी माझ्याकडे इतकं टक लावून बघितलं नव्हतं यांनी.”

यंदा या सुखात चौथ्या मजल्यावरच्या संचिताने खोडा घातला. संचिता कोलशेतच्या एका ऑफिसात जाते. इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी करून ती वर्षभरात किती वीज खाईल ते सांगते. तिच्या घराचं छत म्हणजेच सोसायटीची गच्ची, दुपारी भिंतीला पाठ टेकवायची सोय नाही. तिने सुचवलं की गच्चीवर उष्णता अडवणारा थर घालून वर पांढऱ्या फरशा बसवू. हिशेब मी फुकट करून देते.

पांढऱ्या फरशा म्हणताच गुणाजींच्या डोळ्यांसमोर पोळीची ताटं आली. पांढरी फरशी तापत नाही. आणि न तापणाऱ्या गच्चीवर पोळी वाळते होय?

पण चेअरमनने फणसपोळीसाठी अडवणूक केली असं दिसणं बरं नव्हे. ते रविवारची वाट बघत बसले. पार्किंगमध्ये मीटिंग भरली.

“सगळ्यात आधी आपला हवामान विभाग ठरवायचा,” संचिता म्हणाली. “देशाचे पाच केलेत. उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, मिश्र, समशीतोष्ण आणि थंड. पुढचा सगळा हिशेब त्यावर.”

“समशीतोष्ण असेल तर गच्चीला काय करावं लागतं?”

“तिथे फारसं काही नाही केलं तरी चालून जातं. पण काका—”

“मग ठराव मांडतो. कृष्णछाया समशीतोष्ण!”

“अहो काका, हे मतदानावर नसतं! नकाशात बघायचं. ठाणं, कल्याण, डोंबिवली, सगळे उष्ण-दमट.”

“नकाशा काढणारा आपल्या पार्किंगमध्ये बसलाय कधी? बघ कसला वारा येतोय.” असं म्हणत गुणाजींनी पिशवीतून डबा काढला आणि फणसपोळीचे तुकडे फिरवले. मतदानाआधी जेवढं करता येतं तेवढं त्यांनी केलं. “हात वर करा मंडळी.”

तोंडं भरलेली होती, हात मोकळे होते. भराभर वर गेले. गळ्यात ओला टॉवेल टाकून बसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दौलतरावांनीसुद्धा हात वर केला. डोंबिवली बहुमताने समशीतोष्ण झाली.

संचिताने कपाळाला हात लावला, मग दुसऱ्या हाताने एक तुकडा उचलला. खाल्ला. पुन्हा उचलला.

“मस्त झालीय हो. गेल्या वर्षीची?”

“छ्या! परवा घातलेली.”

“परवा? माझ्या मामाकडे कणकवलीला तर आठवडा जातो.”

इथे गुणाजींनी गप्प बसायला हवं होतं. पण पोळीची स्तुती आणि गुणाजींचं गप्प बसणं हे एका दिवशी कधी घडलेलं नाही.

“कणकवलीचं नको सांगूस गो मला! आपली गच्ची म्हणजे तवा आहे, तवा! दुपारी चप्पल काढून पाय ठेव, नाचत खाली येशील. दोन दिवसांत कडक! अख्ख्या कोकणात अशी गच्ची दाखव मला!”

पार्किंगमध्ये चावण्याचे आवाज थांबले.

“अहो,” शीलाकाकू गोड आवाजात म्हणाल्या, “समशीतोष्ण ना?”

“म्हणजे... सावलीत,” गुणाजी पुटपुटले.

“चेअरमनसाहेब, मी माझा हात खाली घेतो,” दौलतराव म्हणाले. “पोळी मात्र परत मिळणार नाही.”

एकेक करत सगळ्यांनीच वर केलेले हात मागे घेतले. गुणाजींनी रिकामा डबा मांडीवर धरला आणि त्यांचा चेहरा असा पडला की संचितालाच कसंतरी झालं.

“मग माझ्या पोळीचं काय?” ते शेवटी बोलून गेले.

“एवढंच होतं होय? आधी सांगायचं ना काका! जिन्याच्या खोलीवरचा स्लॅब तसाच राहू दे. खाली कोण राहतं? झाडू आणि गणपतीचं मखर. त्यांना उकडलं तर ते मीटिंग बोलावणार नाहीत.”

फरशा बसल्या. संचिता आता दुपारी भिंतीला टेकून चहा पिते. आणि गुणाजी शिडी लावून जिन्याच्या खोलीवर, छत्रीखाली, ताटांच्या मधोमध बसलेले असतात. कोणी वर आलं की फरशांकडे बोट दाखवून सांगतात, “ते सगळं उष्ण-दमट. हा एवढा विभाग माझा.”

“अहो,” खालून शीलाकाकूंची हाक येते, “जेवायला उतरताय, की तुम्हालाही उलटून घालू?”