कूलरची खिडकी मी बुजवली

मित्रांनो, आज घडलं ते लिहितो.

महिनाभर घरातला रेकॉर्डिंग स्टुडिओ वाढवत होतो. बाजूची सामानाची खोली त्यात घेतली. आवाज अडवणारे महागडे पॅनल परवडणारे नव्हते, म्हणून अंगणाकडची कूलरची खिडकी विटांनी बुजवली, आतून जुन्या गाद्यांचा कापूस भरला आणि वर प्लाय ठोकला. गाद्या आईनंच काढून दिल्या. याच खिडकीतून ती मला जेवायला बोलवायची.

आज दुपारी पहिलं रेकॉर्डिंग केलं. आतली शांतता ऐकून मी भलताच खूश. तासाभरानं बाहेर आलो तर आई अंगणात नळाजवळ, भर उन्हात बसलेली. पाय घसरून पडली होती, उठताच येत नव्हतं.

"केव्हाची आवाज देऊन राहिली रे तुले," एवढंच म्हणाली.

घोटा मोडलाय. प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आणलं.

ती झोपल्यावर दुपारचा तोच टेक हेडफोनवर, आवाज पूर्ण वाढवून ऐकला. तिची एकही हाक नाही. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग माझ्याकडे आजवर झालं नव्हतं.

घरातच स्टुडिओ असलेल्यांनो, दार बंद असताना तुमच्या घरचे तुम्हाला आवाज कसा देतात?